साखर नाही, तरी तहान भागत नाही

दिवाळी झाली की आपल्या माजलगाव भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. फडात आडोसा नसतो, म्हणून कितीतरी बाया पाणीच कमी पितात. ती सवय वाईटच. पण आजच्या आजारात ती जिवावर बेतू शकते.

या आजारात तहान भागत नाही, रात्री चार-पाचदा उठावं लागतं, लघवी अगदी पाण्यासारखी होते. घरचे म्हणतात, "शुगर झाली." तपासावं तर साखर बरोबर! हा डायबिटीस इन्सिपिडस. साखरेशी याचा संबंध नाही, म्हणून साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन इथं चालत नाही. या गोंधळामुळेच २०२२ साली तज्ज्ञांनी त्याला नवं नाव सुचवलं.

मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते. तिच्यातलं व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला सांगतं, "पाणी राखून ठेव." डोक्याला मार, गाठ किंवा शस्त्रक्रियेमुळे ते कमी पडलं, तर डेस्मोप्रेसिनची गोळी किंवा नाकातला फवारा देतात. त्यानं लघवी आटोक्यात येते. मात्र हे औषध चालू असताना तहान नसताना पाणी पिऊ नका. डोस जास्त झाला किंवा पाणी जास्त झालं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखलं, उलटी झाली, गुंगी किंवा झटके आले, तर लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या प्रकारात निरोप पोचतो, पण मूत्रपिंड ऐकत नाही. मानसिक आजारावरचं लिथियम बरीच वर्षं घेतल्यानं असं होऊ शकतं. ते आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. इथं मीठ कमी करतात आणि थायझाइडची गोळी देतात. एरवी लघवी वाढवणारी ही गोळी इथं ती कमी करते!

गरोदरपणातही हा आजार क्वचित होतो. त्यावर डेस्मोप्रेसिन चालतं, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो सहसा जातो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. अशा माणसाचं पाणी कधी तोडू नका. पाणी बंद ठेवून करायची तपासणी फक्त दवाखान्यातच होते. चोवीस तासांची लघवी मोजून, लिहून डॉक्टरांना दाखवा. आधी ग्रामीण रुग्णालयात साखर तपासा, मग गरज पडली तर अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जा. आणि फडावर निघताना औषध पुरेल एवढं घ्या, आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा.

तहान लागली, तर लाजू नका. पाणी प्या.