काळजी कुठवर करायची?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

नोकरी लागेल का, एमपीएससीला आणखी एक वर्ष द्यावं का, शैक्षणिक कर्जाचे हप्ते कसे फिटणार, अशा विचारांनी आज तुमच्यातल्या अनेकांच्या पोटात गोळा आला असेल. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून आधी हेच सांगतो की हा आजार नव्हे. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून एक गोष्ट पुढे येत गेली: बेताचा ताण शिकायला मदत करतो, पण काम अवघड असेल तर तोच ताण वाढला की कामगिरी ढासळते. परीक्षेआधीची धाकधूक तुम्हाला अभ्यासाला बसवत होती. तिचे आभारच माना.

मग बिघडतं कधी?

माझ्या ओपीडीत तुमच्याच वयाची मुलं येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दोन-तीन ईसीजी, टूडी इको, थायरॉइडचा रिपोर्ट. सगळं नॉर्मल. थायरॉइड तपासलेलं बरंच असतं, कारण तिथल्या बिघाडानेही धडधड होते. पण खरी गोष्ट पिशवीत नसते. गर्दीच्या लोकलमध्ये एकदा छातीत धडधडलं, हातापायांना मुंग्या आल्या, आता जीव जातोय असं वाटलं, म्हणून मुलगा मधल्याच स्टेशनवर उतरला. असा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. उतरल्यामुळे वाचलो, असं मात्र मनात पक्कं बसतं. पुढे लोकल सुटते, मग मुलाखत, मग मित्राचं लग्न. टाळलं की बरं वाटतं, आणि म्हणूनच भीती वाढते.

तेव्हा काळजी किती वाटते यापेक्षा तिच्यापायी तुम्ही काय काय सोडलंत ते मोजा. झोप, जेवण, कामावर जाणं, माणसांत बसणं. महिनोन्‌महिने, बहुतेक दिवस, कारण असो-नसो चिंता सुटत नसेल तर उपचार घ्यायला हवेत. समुपदेशनात टाळलेल्या गोष्टीकडे एकेक पायरीने परत नेतात. गरज पडली तर औषधं असतात, आणि त्यांतल्या नेहमीच्या औषधांची चटक लागत नाही. चटक लागते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळीची.

पालकहो, ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य मायेपोटीच येतं, पण ऐकणाऱ्याचं तोंड त्याने बंद होतं. त्याऐवजी ‘कधीपासून होतंय?’ असं विचारा आणि शेजारी बसा.

सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. आज घरी जाण्याआधी हा क्रमांक मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि हॉस्टेलच्या आपल्या ग्रुपवरही टाका.