उताऱ्यावर भाव



विद्युत्-उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या मंडळींच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापिलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याशी ज्या श्रीपूर गावाचे नाव कायमचे जोडले गेले, त्या गावाला टाकाऊ म्हणून बाजूस सारलेल्या जिनसांचे मोल शिकवावे लागत नाही. मळी आणि बगॅस यांचा हिशेब येथील शाळकरी मुलासही ठाऊक असतो. म्हणूनच ड्रिल, ग्राइंडर आदी हत्यारांच्या बाद बॅटऱ्यांतून निघणाऱ्या लिथियम सेलचा पुरवठा आणि त्यांचा रास्त दर हा विषय मी येथे मांडीत आहे.

अठरा व्होल्टच्या बॅटरीत अठरा मिलिमीटर व्यासाचे व पासष्ट मिलिमीटर लांबीचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, अथवा मोठ्या बॅटरीत अशाच पाच जोड्या असतात. त्यांपैकी एखादा सेल किंवा जोडी खचली, की रक्षक-सर्किट संपूर्ण बॅटरीला चार्जिंग नाकारते आणि उरलेले सेल पुष्कळदा धडधाकट असतानाही सगळा संच भंगारात जातो. हे सेल मोठा विद्युत्-प्रवाह सोसण्यासाठी घडविलेले असल्यामुळे आपल्या शेतकऱ्याच्या फवारणी पंपाला ते उत्तम चालतात. तीन सेल एकापुढे एक जोडले, की त्या मोटरीचे काम भागते.

परंतु भंगारवाला किलोवर घेतो, मधला व्यापारी नगावर विकतो, आणि सेलच्या अंगी किती बळ उरले आहे, याची दखल दोघेही घेत नाहीत. त्यातच काही लोक जुन्या सेलवर नवे आवरण चढवून त्यावर 9900 मिलिअँपिअर-तास असा मजकूर छापतात. बाजारात मिळणाऱ्या या आकाराच्या सेलची खरी क्षमता साडेतीन हजारांच्या फारशी पुढे जात नाही, आणि हत्यारांतले सेल तर बहुधा दीड ते तीन हजारांचेच असतात. ही उघड फसवणूक आहे आणि तिचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्याला पडतो.

उसाचा भाव मात्र केवळ वजनावर ठरत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर-उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये हा रास्त व किफायतशीर दर शासनाने ठरविला, आणि उतारा वाढला की दरही वाढतो. सेलचाही उतारा मोजता येतो: पूर्ण 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज करावा, काही दिवस तसाच ठेवून व्होल्टेज उतरते का ते पाहावे, मग मोजून रिकामा करावा आणि अंतर्गत रोध मिलिओहममध्ये नोंदवावा. जो दोन व्होल्टखाली दीर्घकाळ पडून राहिला किंवा चार्ज होताना तापला, तो कितीही स्वस्त मिळाला तरी वापरू नये. त्याच्या पोटात शॉर्ट होऊन आग लागण्याचे भय असते.

नव्या सेलची किंमत ही जुन्याच्या किमतीची कमाल मर्यादा होय. 2022 च्या अखेरीस शिखरावर पोहोचलेला, सेलचा कच्चा माल असलेल्या लिथियम कार्बोनेटचा भाव पुढे दोन वर्षांच्या आत ऐंशी टक्क्यांहून अधिक कोसळला. तेव्हा तेजीतला भाव धरून बसलेल्या व्यापाऱ्याचा आग्रह आता कबूल करण्याचे कारण उरलेले नाही. नव्याच्या किमतीतून घटलेल्या क्षमतेच्या प्रमाणात रक्कम वजा करावी, चाचणीची मजुरीही वजा करावी, आणि उरेल ती जुन्या सेलची खरेदी-किंमत समजावी. ही मजुरी कारागिराने कधीही सोडू नये, कारण मापनावाचून या व्यवहारात विश्वास टिकत नाही.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 यांनी संकलन, नूतनीकरण व पुनर्चक्रण करणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे. नूतनीकरणाचा धंदा करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि निरुपयोगी सेल उकिरड्यावर न टाकता अधिकृत पुनर्चक्रकाच्या स्वाधीन केले पाहिजेत.

माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे, की येत्या गळीत हंगामापूर्वी तालुक्यातील प्रत्येक दुकानाने एकाच नमुन्याची नोंदवही ठेवावी, विकलेल्या प्रत्येक सेलवर क्षमता, रोध आणि चाचणीची तारीख लिहावी, आणि या तीन नोंदींवाचून एकही सेल विकू नये वा विकत घेऊ नये.