टिकाऊ फुलझाडांची निवड

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या माळव्यात घरोघरी बागेची हौस उचल खाते. मंडळी रोपवाटिकेत जातात, जे झाड फुललेले दिसेल ते उचलतात आणि घरी आणून लावतात. मीही तेच केले आहे. एका वर्षी विलायती गुलाबाची बारा कलमे मोठ्या अपेक्षेने आणली. श्रावणात वाफ्यात पाणी तुंबले आणि दसऱ्यापर्यंत त्यांतली नऊ गेली. आईने पूर्वी कधी तरी कुंपणाशी खोचलेली कुंदाची फांदी मात्र त्याच माघात पांढऱ्याशुभ्र कळ्यांनी भरून आली. तिला कोणी तांब्याभर पाणीही घातले नव्हते. तेव्हापासून मी झाड निवडताना मूळ आधी पाहतो, फूल नंतर.

इंदूरकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. वैशाखात तीच माती भेगाळते व कोवळी मुळे तुटतात. ही दोन्ही संकटे सोसून वर्षानुवर्षे फुलेल, तेच आपल्या अंगणाचे झाड. त्यासाठी वाफा वीतभर उंच करावा आणि मातीत वाळू अथवा मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात बुंध्याशी पाचोळा पसरला, तर नळाला एक दिवसाआड पाणी येते अशा घरीही झाड तग धरते.

पहिला मान मोगऱ्याचा. पुष्कळांची तक्रार असते, की मोगरा वाढतो पण फुलत नाही. याचे कारण बहुधा आपली माया! त्याला बारा महिने पाणी घालून आपण विश्रांतीच देत नाही. पौषात पंधरा दिवस पाणी तोडावे, फांद्या हातभर ठेवून छाटाव्यात, उरलेली पाने काढावीत आणि खत देऊन मग पाणी सुरू करावे. चैत्रात परडी भरू लागते. मात्र त्याला ऊन हवे. भिंतीच्या सावलीत नुसती पानेच येतील.

निशिगंधाचे कंद एकदा लावले, की दोन-तीन वर्षे हलवू नयेत. मग गड्डे फोडून पुन्हा लावावेत. पारिजातकाला जागा अधिक लागते, पण पहाटेचा सडा पाहिल्यावर त्या जागेचा हिशेब कोणी करीत नाही. बोगनवेलीला पाणी कमी पडले तर ती उलट अधिक रंगते.

कण्हेरीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. ऐन ज्येष्ठातही ती फुलते, तिला काही लागत नाही, देवालाही चालते. परंतु तिचे पान, फूल, साल, सारेच विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर प्राणघातक आहेत. घरात रांगते मूल किंवा दारात गाय असेल, तर कण्हेरीचा मोह टाळावा व जास्वंद लावावी. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडतो. तो दिसताच साबणाचे पातळ पाणी फवारावे.

सदाफुली ही मूळची मादागास्करची. १९५८ साली कॅनडातील संशोधकांनी तिच्यातून कर्करोगावर उपयोगी पडणारे द्रव्य मिळविले. म्हणून कोणी मधुमेहासाठी तिची पाने चावून खाऊ लागले, तर त्यांना अवश्य थांबवावे. औषधाची मात्रा प्रयोगशाळेत ठरते, अंगणात नव्हे.

आणि कुंद? तो विकत आणण्याची गरजच नाही. या पावसात शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढी जाड, चार पेरांची फांदी मागून घ्यावी, खालची दोन पेरे मातीत जातील अशी तिरपी खोचावी आणि महिनाभर ती उपटून पाहू नये.