पुडीवर नाव असावं
(सहायक मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



पाळकसाहेबांनी मला पाड्यांवरच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं आहे. वसतिगृहाचा अहवाल तुम्ही वाचलाच आहे, तो पुन्हा सांगत नाही. आज एकाच आजाराबद्दल बोलते. तो मला स्वतःलाही आहे, 26 व्या वर्षापासून. सोरायसिस. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या कडेला लाल चट्टे, त्यावर चंदेरी पापुद्रे. पुढच्या रांगेतल्या बहिणींना माझ्या बाहीखाली दिसतही असेल.

आपली कातडी खालून नवी होत वर येते आणि गळून पडते. या चक्राला एरवी महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये ते चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून पापुद्र्यांचे थर साचतात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उठते, असं समजा. कधी घराण्यात असतो, पण स्पर्शाने, ताटाने किंवा विहिरीच्या पाण्याने तो पसरत नाही. कायमचा जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो.

सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, अंगावर चट्टा उठला की दोनच गोष्टी बोलल्या जातात: महारोग, नाहीतर कुणीतरी काहीतरी केलंय. तिशीतल्या एका बाईचं तसंच झालं. आधी ताट वेगळं केलं, मग अंथरूण पडवीत टाकलं, मग धाकटी मुलगी आजीजवळ झोपू लागली. आशाताईंनी तिला डोळे मिटायला सांगून चट्ट्यांवर कापसाचं टोक फिरवलं. प्रत्येक ठिकाणी स्पर्श कळत होता. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी झालेली असते. पुढे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सोरायसिस असल्याचं सांगितलं.

"महारोग नाही हो," एवढं पाड्यावर सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. मला ते पटत नाही. मग ज्याला खरोखर कुष्ठरोग आहे त्याने पडवीतच राहायचं का? कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो आणि ही औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. म्हणून आम्ही दोन्ही आजारांची माहिती एकाच बैठकीत देतो.

लेवीय 13 काढून पाहा. आपल्या जुन्या भाषांतरात तिथे महारोग म्हटलं आहे, पण मूळ शब्दात कातडीचे अनेक विकार येतात, कपड्यावरचे आणि भिंतीवरचे डागसुद्धा. शंका असली तर याजकाने सात दिवस थांबायचं आणि पुन्हा पाहायचं. पाड्यावरचा निकाल मात्र सात मिनिटांत लागतो.

आता औषधांकडे येते. त्या बाईला मलम मिळालं, फरकही पडला. मग पावसाळा आला, रस्ता बंद, मलम संपलं. आठवडे बाजारात एकाने कागदाच्या पुडीत भुकटी दिली, म्हणाला, शुद्ध जडीबुटी. आठ-दहा दिवसांत चट्टे फिकट झाले. सगळा पाडा त्या माणसाकडे धावला. दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा गोल सुजला. पैसे संपले, पुडी बंद झाली, आणि काही आठवड्यांत अंगभर कातडी लाल होऊन सोलू लागली. नंदुरबारला दाखल करावं लागलं. अशी कातडी अंगातली ऊब आणि पाणी धरून ठेवू शकत नाही, जिवावर बेततं. पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. पोटातून घेतलेलं स्टेरॉईड एकाएकी थांबलं की सोरायसिस असा उसळू शकतो.

तेव्हापासून मी एकच विचारते: पुडीत काय आहे, नाव सांग. पानाचं असो की कारखान्याचं. किराणा दुकानात खरजेवर, नायट्यावर म्हणून मिळणारी ट्यूबही तशीच. त्यात बऱ्याचदा कडक स्टेरॉईड असतं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये कडक केला. दुकानदाराला तो माहीत नसतो, किंवा असतो.

जडीबुटीला नावं ठेवायला मी उभी नाही. आंघोळ झाली की ओल्या अंगावरच तेल चोपडायचं, हे मी रोज करते. शहरात खोबरेल, पाड्यावर डोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. पापुद्रे मऊ पडतात, भेगा कमी होतात, खाज सुसह्य होते. चट्टे तेलाने जात नाहीत, तसं मी कुणाला सांगत नाही. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ, तेही कातडी भाजू न देता. ईयोब खापरीने अंग खाजवत बसला होता, ते मात्र करू नये. सोरायसिसमध्ये जिथे जखम होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणून बिब्बा आणि रुईचा चीक यांना मी हात जोडते. बावचीचंही तसंच. कोडावर ती पूर्वापार वापरतात, तिच्यातल्या द्रव्याच्या गोळ्या देऊन दवाखान्यात मोजून किरणही देतात. पण घरी बावची लावून उन्हात बसलं तर फोड येतात.

एक जुनी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर 'गोवा पावडर' विकली जायची. ती कशाची, हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाची, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली. 1870 च्या दशकात लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरून पाहिली. 1916 मध्ये जर्मनीत तिच्यासारखं द्रव्य तयार झालं, डिथ्रॅनॉल. ते कातडीला झोंबतं, कपड्यांवर डाग पाडतं, पण किती टक्के आणि किती वेळ लावायचं हे लिहिलेलं असतं. झाडाच्या भुकटीचं असं औषध झालं.

त्या बाईला आता मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर रक्त तयार होणं थांबून माणूस दगावू शकतो. तिला वाचता येत नाही, म्हणून बाजाराचा दिवस तोच गोळीचा दिवस ठरवला. ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते. दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि दारू बंद. मोहाच्या मुलुखात हे शेवटचं सांगणं सोपं नाही, तुम्ही जाणता. आमच्याकडे हिवताप बराच. क्लोरोक्वीनने काहींचे चट्टे वाढतात, म्हणून डॉक्टरांना आधी सोरायसिस आहे हे सांगायचं. हिवतापाचं औषध मात्र नाकारायचं नाही.

मला काही वर्षांपूर्वी एका पाहुण्या प्रचारकांनी सांगितलं होतं की विश्वास कमी पडतोय, नाहीतर चट्टे गेले असते. मी त्यांना यशया 38 वाचायला सांगितलं. हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेली होती, तरी गळवावर अंजिरांचा लेप लावायला संदेष्ट्याने सांगितलंच.

त्या बाईचे चट्टे आता पिंढऱ्यांपुरते उरलेत. मुलगी पुन्हा कुशीत झोपते. ताट अजून वेगळंच आहे. सासूशी आमचं बोलणं चालू आहे, घाई करत नाही.

आता मागणं. तपासणीसाठी नंदुरबारला न्यायचे सध्या सहा जण आहेत. भाड्याची सोय होईल. सोबत हवी. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसणारं कुणीतरी, जे डब्यातली भाकरी त्यांच्याच हातून घेईल. नावं पाळकसाहेबांकडे द्या. आणि तेल पाठवणार असाल तर साधं खोबरेल पाठवा, सुगंधी नको, वासाच्या तेलाने काहींना खाज सुटते.