औषध आणि त्याचा वाहक
(वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा सारांश)



कर्करोगाचे नाव निघताच आपल्या घरांतून आवाज खाली येतो. म्हणूनच त्याविषयी आज चार शब्द उघडपणे बोलण्याची अनुज्ञा मागतो.

१९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विद्युत्प्रवाहाचा परिणाम पाहात होते. जंतू लांबत, पण त्यांचे विभाजन होईना. शोधाअंती कळले की, हा प्रताप विजेचा नसून विद्युदग्रांतून द्रवात उतरलेल्या प्लॅटिनमचा आहे. यातूनच सिसप्लॅटिन हे औषध पुढे आले व १९७८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगावर ते विशेष गुणकारी ठरले.

परंतु हे औषध रोगी पेशी व निरोगी पेशी असा भेद जाणत नाही. मूत्रपिंडे, कान व मज्जातंतू यांना इजा पोचू शकते. शिवाय शिरेतून दिलेल्या प्लॅटिनमचा बहुतांश भाग काही तासांतच रक्तातील प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून निष्प्रभ होतो.

मग प्रथिनासच वाहक का करू नये? आपल्या शरीरात लोह साठविणारे फेरिटिन हे २४ घटकांचे पोकळ गोलक असते. त्याची पोकळी सुमारे ८ नॅनोमीटरची. तीव्र आम्लात हे घटक सुटे होतात, आम्लता घालविताच पुन्हा जुळतात. जुळताना औषध आत कोंडता येते. फेरिटिनला आत घेणारी ग्राहके पुष्कळ कर्कपेशींवर विपुल असल्याने औषध योग्य दारी पोचावे, ही अपेक्षा.

मात्र सिसप्लॅटिन भरलेले फेरिटिन अद्याप संशोधनाचा विषय आहे. रुग्णालयात मिळणारे औषध नव्हे. अल्ब्युमिनशी जोडलेल्या पॅक्लिटॅक्सेल या धातुविरहित औषधास २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, एवढा आधार आशेला आहे.

तेव्हा उद्याच्या औषधाची वाट पाहात आजचा उपचार कोणीही टाळू नये. सिसप्लॅटिन देताना शिरेतून भरपूर द्रव देऊन मूत्रपिंडे जपतात. उलट्यांवरही औषधे आहेत. लघवी कमी झाली, कानात आवाज येऊ लागला, तर ते दडवू नये. डॉक्टरांस तत्काळ सांगावे. त्यांना न विचारता उपचार अर्धवट सोडू नये. रोग लपविण्यात कुलाची प्रतिष्ठा नाही. रोग्यास धीर देण्यात आहे.