रेषेला चालायला शिकविताना

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



वहीच्या समासात चित्रे काढणे हा कोणत्याही शाळेतील सर्वांत जुना अपराध असावा. आज ज्या विद्यार्थिनीविषयी सांगावयाचे आहे, ती याच अपराधातून पुढे आली. ती इयत्ता नववीत शिकते. घरी मराठी, शेजारी गुजराती आणि मैत्रिणींत हिंदी बोलणारी ही बडोद्याची मुलगी. तिला ॲनिमेशन शिकावयाचे आहे. हे तिने घरी सांगितले तेव्हा वडिलांनी दोन प्रश्न विचारले. त्यासाठी लागणारा संगणक केवढ्याला मिळतो, हा पहिला. आणि त्यावर पोट भरते का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरे देणे शाळेचे कर्तव्य आहे.

पहिल्याचे उत्तर चित्रकलेच्या शिक्षकांनी दिले. त्यांनी तिच्या हाती एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि उसळणारा एक चेंडू काढावयास सांगितले. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवतात. म्हणजे एका सेकंदाला १२ चित्रे पुरतात. तिने १२ चेंडू सारख्या अंतरावर काढले. कागद भरभर उलटून पाहिले, तेव्हा चेंडू उसळला नाही. दोरीवर सरकणाऱ्या मण्यासारखा नुसता पुढे गेला.

चूक चित्रात नव्हती, चित्रांमधील अंतरात होती. वर फेकलेली वस्तू माथ्याशी मंदावते, म्हणून तेथील चित्रे जवळजवळ हवीत. खाली येताना वेग वाढतो, म्हणून ती दूरदूर हवीत. कोणी न सांगता तिने विज्ञानाच्या पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाचा धडा पुन्हा उघडला. जमिनीवर आपटताना रबरी चेंडू चपटा होतो. पण तो जेवढा चपटा, तेवढाच रुंदही काढावा लागतो, नाहीतर त्यातले रबर कमी झाल्यासारखे दिसते, हेही तिला उमगले. तेच वर्तुळ न दबता एकदाच किंचित उसळून थांबले, तर पाहणाऱ्याला ते लोखंडाचे वाटते. काढलेले वर्तुळ एकच. त्याचे वजन काळाच्या मापाने ठरते.

डिझ्नी स्टुडिओतील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ज्येष्ठ कलावंतांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशी बारा तत्त्वे सांगितली आहेत. उडी मारण्यापूर्वी शरीर आधी खाली दबते, हात सरळ रेषेत न फिरता कमानीत फिरतो, माणूस थांबला तरी पदराचे टोक क्षणभर पुढे जाते, ही त्यांतील काही. विद्यार्थिनीने वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक तत्त्वाला मराठी नाव दिले आहे : दबणे-ताणणे, पूर्वतयारी, कमान, मागाहून येणे. मराठी माध्यमामुळे हे शिक्षण अडत नाही, एवढे त्या पानावरून दिसते.

यानंतर पात्ररचना. तिचे पहिले पात्र मोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची मुलगी होते. रेखाटन सफाईदार होते, परंतु शिक्षकांनी ते शाईने पूर्ण काळे केले आणि विचारले, "आता ही कोण आहे, सांग." सांगता येईना. चांगले पात्र नुसत्या काळ्या आकृतीवरूनही ओळखू यावे लागते. मग तिला लहान वही देऊन खंडेराव मार्केटात पाठविण्यात आले. तेथे तिने चेहरे काढले नाहीत. टोपली उतरविताना वाकलेली पाठ, तराजू धरलेला हात, गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना पुढे आलेली मान, हे तिने टिपले. गोलाकारावर बेतलेले पात्र मायाळू वाटते, चौकोनावरचे ठाम, त्रिकोणावरचे तीक्ष्ण, हा सर्वसाधारण नियम तिने वाचला होता. कोणती माणसे त्या नियमात बसत नाहीत, हे तिला बाजारात कळले.

शेवटी तिने पात्र म्हणून निवडली स्वतःची आजी. समोरून, अर्धवट वळलेली, बाजूने आणि पाठमोरी अशी चार चित्रे असलेला आदर्श तक्ता तिने तयार केला. चित्रपटात एकच पात्र अनेक हात काढतात. ते सर्वत्र सारखे दिसावे म्हणून असा तक्ता लागतो. मग पाच सेकंदांचा प्रसंग ठरला : आजी उंबरठा ओलांडते. १२० चौकटी, ६० कागद.

आजी गेल्या वर्षी घरातच पडल्या होत्या. नातीने त्यांचे चालणे तीन दिवस पाहिले. उंबरठ्याशी आल्या की त्या थांबत, डावा हात चौकटीवर ठेवत, पायाकडे पाहत आणि मगच पाऊल उचलत. पहिल्या प्रयत्नात तिने या थांबण्याला दोनच चित्रे दिली. ते अडखळल्यासारखे दिसले. दुसऱ्या वेळी तिने पूर्ण एक सेकंद दिला, आणि आजीच्या मनातील भीती कागदावर दिसू लागली. वडिलांनी तो गठ्ठा दोनदा उलटून पाहिला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी सुतार बोलावून उंबरठ्याजवळ धरावयास लाकडी दांडा बसवून घेतला. पोट भरण्याच्या प्रश्नावर मात्र त्यांचे म्हणणे अजून "दहावीनंतर पाहू" एवढेच आहे.

तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दादासाहेब फाळके यांच्यापुढेही तो होता. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या कलावंताने पहिला चित्रपट काढण्यापूर्वी भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली आणि ती पडद्यावर दाखविली. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी काड्यापेटीतील काड्यांना हालचाल दिली. तो लघुपट 'आगकाड्यांची मौज' या नावाने ओळखला जातो. १९५६ मध्ये डिझ्नीचे क्लेअर वीक्स यांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये तरुण भारतीय चित्रकारांना शिक्षण दिले. त्यांत राम मोहन होते, ज्यांनी पुढे कित्येक पिढ्या घडविल्या. आपल्यापैकी अनेकांनी बालपणी दूरदर्शनवर पाहिलेला १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा लघुपट विजया मुळे या मराठी विदुषीने दिग्दर्शित केला. मुंबईत जन्मलेल्या विजयाबाईंचे आयुष्य पाटणा, दिल्ली अशा शहरांत गेले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना हे उदाहरण परके वाटू नये.

आजचा मार्गही पालकांनी जाणून घ्यावा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत ॲनिमेशनचा पदवी अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या आय. आय. टी.मध्येही डिझाईनचे शिक्षण मिळते. बारावीच्या कोणत्याही शाखेतून त्यांच्या प्रवेशपरीक्षांना बसता येते, आणि त्या परीक्षांत रेखाटन व निरीक्षण यांची कसोटी लागते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. या व्यवसायात दिवसदिवस बसून काही सेकंदांचेच काम होते आणि तयार चित्रपटात ते काम कोणाचे, हे प्रेक्षकाला कळतही नाही. सांगितलेले चित्र आता यंत्रही क्षणात काढून देते. अशा काळात आजी उंबरठ्याशी किती वेळ थांबते हे ज्याने पाहिले आहे, त्याच्यापाशीच यंत्राला सांगण्याजोगे काही असेल. मुलीला यश मिळेल, अशी हमी शाळा देऊ शकत नाही. तिची दृष्टी घडली आहे, हे मात्र साठ कागद दाखवून सांगता येते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे मागणे लहान आहे. आपल्या कचेऱ्यांत एका बाजूने कोरे असलेले कागद दररोज रद्दीत जातात. ते गठ्ठे शाळेकडे पाठवावेत. आपल्यापैकी जे चित्रकार, छायाचित्रकार, वास्तुरचनाकार असतील, त्यांनी महिन्यातून एक शनिवार चित्रकलेच्या वर्गाला द्यावा. पाच सेकंदांना साठ कागद लागतात, आणि या मुलीच्या मागे आणखी अकरा मुले रांगेत उभी आहेत.