बिनतारी जाळ्यांतील जोडण्यांची मर्यादा



आपण ज्या एग्मोर भागात जमलो आहोत, त्याचे बिनतारी विद्येशी जुने नाते आहे. १९२४ साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने या शहरात ध्वनिक्षेपणास प्रारंभ केला. निधीअभावी १९२७ साली ते थांबले. पुढे १६ जून १९३८ रोजी नभोवाणीचे मद्रास केंद्र सुरू झाले, ते एग्मोरच्याच मार्शल्स रोडवरील, म्हणजे आजच्या रुक्मिणी लक्ष्मीपती मार्गावरील, 'ईस्ट नूक' या वास्तूत.

त्या केंद्राला आपले श्रोते मोजण्याचे कारण नव्हते. श्रोता एक असो वा लाख असोत, प्रक्षेपकाचे श्रम तेवढेच. दवंडी पिटणारा ऐकणाऱ्यांची वही ठेवीत नाही. परंतु ज्या यंत्राला प्रत्येकाशी बोलायचे आहे, त्याचे ऐकायचे आहे आणि निरोप पोचल्याची खात्रीही करून घ्यायची आहे, त्याला अशी वही ठेवावीच लागते. माझा आजचा विषय या वहीच्या पानांचा आहे.

२०१४ नंतर शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची 'ईएसपी ८२६६' आणि पुढे 'ईएसपी ३२' ही चिमुकली संगणकयंत्रे जगभर पसरली. अंगठ्याएवढ्या या यंत्रांत वाय-फाय असते, म्हणून ती एकमेकांस जोडून जाळे विणता येते. तथापि पहिल्या यंत्रात कामचलाऊ स्मृती सुमारे ८० किलोबाइट. जोडलेल्या प्रत्येक शेजाऱ्यासाठी गुप्तलेखनाची किल्ली, निरोपांचे अनुक्रमांक आणि न पोचलेले निरोप तीतच सांभाळावे लागतात. म्हणून अशा यंत्रास एका वेळी मुळात ४ यंत्रे जोडता येतात. फार तर ८. ब्लूटूथमध्ये ही मर्यादा पत्त्यातच आहे. तीन द्विमान अंकांतून आठ पत्ते निघतात. त्यांतील शून्य सर्वांना उद्देशून केलेल्या घोषणेसाठी राखलेले असते. उरतात ७.

कोणी म्हणेल, यात अडचण ती काय? प्रत्येकाने चौघांना सांभाळावे, त्या चौघांनी आणखी चौघांना. मुळाशी १, मग ४, मग १६, मग ६४. तीन पायऱ्यांत ८५ यंत्रे झाली. कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. परंतु भूमी कागदासारखी नसते.

समजा, येथून जवळच वाहणाऱ्या कूवम नदीच्या काठाने पाण्याची पातळी मोजणारी ४० यंत्रे बसवली. नदी ही रेषा आहे, वृक्ष नव्हे. दूर अंतरावरील प्रत्येक यंत्रास केवळ मागचे व पुढचे यंत्र ऐकू येईल. चौघांची सोय असून दोघेच लाभतील, आणि शेवटच्या यंत्राचा निरोप जवळजवळ चाळीस हातांतून जाईल. मध्ये एक यंत्र बुडाले की त्यापलीकडची सारी मुकी होतील.

मग जोडण्याच सोडून प्रत्येकाने दवंडी का पिटू नये? तसे करता येते, आणि त्याने स्मृतीवरचा भार हलका होतो. मात्र तो भार नाहीसा होत नाही; तो हवेवर जातो. सर्व यंत्रे एकाच लहरमार्गावर बोलतात. दोघे एकदम बोलले की दोघांचेही वाया जाते. १९७० च्या सुमारास हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन यांनी उभारलेल्या 'अलोहा' जाळ्याच्या अभ्यासातून दिसले की, प्रत्येकजण मनास येईल तेव्हा बोलू लागला तर जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. पुढे २००० साली पीयूष गुप्ता आणि याच शहरातील आयआयटीचे माजी विद्यार्थी पी. आर. कुमार यांनी गणिताने दाखवले की, बिनतारी जाळ्यात यंत्रांची संख्या वाढेल तसा प्रत्येकाच्या वाट्यास येणारा वेग घटत जातो. तेव्हा केवळ मोठी स्मृती हा त्यावर उपाय नव्हे.

ही चर्चा केवळ विद्वत्तेची नाही. डिसेंबर २०१५ मधील महापुरात या शहराच्या अनेक भागांत वीज गेली आणि दूरध्वनीही मुके झाले. अशा प्रसंगी विजेरीवर चालणारे स्वस्त जाळे उपयोगी पडू शकेल. पण पूर ज्या रात्री चढतो त्याच रात्री सर्व यंत्रे एकदम बोलू इच्छितात. कोरड्या दिवशी घेतलेली परीक्षा त्या रात्रीची हमी देत नाही.

म्हणून जाळे विणणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. यंत्राची मर्यादा ४ असेल तर ३ च जोडण्या योजाव्या. एक जागा निराधार झालेल्या शेजाऱ्यासाठी मोकळी ठेवावी. प्रत्येक यंत्रास किमान दोन वाटा द्याव्या, आणि नदीच्या दोन्ही टोकांस बाहेर जाण्याचे दार असावे. पाणी स्थिर असताना यंत्राने क्वचित बोलावे, चढू लागल्यावर अधिक. मधल्या यंत्रांनी अनेकांचे निरोप एकत्र बांधून पुढे धाडावे. आणि जाळे लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्यातील एखादे यंत्र मुद्दाम बंद करून पाहावे.

किती यंत्रे जोडली गेली, यावर जाळ्याची थोरवी ठरत नाही. एक तुटल्यावर किती जणांचा निरोप पोचतो, यावर ती ठरते.